मंगळ चंद्राएवढा दिसणार म्हणे? गच्चीवर जाऊन स्वतः कसं तपासायचं

ऑगस्ट लागला की तो मेसेज परत येतोच. 27 तारखेला रात्री साडेबाराला आकाशात दोन चंद्र दिसणार, मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा होणार, लेकरांना उठवून दाखवा, पुन्हा असा योग डायरेक्ट 2287 साली. आपल्या सोलापुरात एका घरातून तो निघाला की संध्याकाळपर्यंत सासुरवाडीच्या ग्रुपवरून फिरून परत आपल्याकडेच येतो. नुसतं "फेक आहे" म्हणून टाकलं तर मोठी माणसं म्हणणार तू लै शहाणा का, म्हणून हिशोबच माहीत असलेला बरा, आणि हिशोब पाचवीच्या पोराला जमेल एवढाच आहे.

एकच आकडा लक्षात ठेवायचा, 110. चंद्राची रुंदी 3474 किलोमीटर आणि तो आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटर लांब, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या साधारण 110 पट अंतरावर. कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या 110 पट लांब ठेवली की ती चंद्राएवढीच दिसते, मग ती वस्तू काहीपण असू दे. आता मंगळाची रुंदी आहे 6779 किलोमीटर, गुणिले 110 केलं की साडेसात लाख किलोमीटरच्या आत येतं. म्हणजे मंगळ चंद्राएवढा दिसायचा तर तो एवढ्या जवळ यायला पाहिजे, आणि तो सगळ्यात जवळ आला तेव्हाही, 27 ऑगस्ट 2003 ला, किती लांब होता? सुमारे 5 कोटी 58 लाख किलोमीटर. जवळजवळ 60 हजार वर्षांत एवढा जवळ आला नव्हता, तरी पाहिजे त्याच्या 75 पट लांबच.

हा 75 आकडा बघून ठेवा कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. 2003 च्या मूळ मेसेजमध्ये लिहिलेलं होतं की 75 पट मोठं करून बघितलं तर दुर्बिणीतून मंगळ तेवढा दिसेल जेवढा नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो. बात बरोबर होती. पुढे फॉरवर्ड होता होता दुर्बीण गळाली, वर्ष गळालं, राहिला फक्त चंद्र.

आता हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या. नाणं 27 मिलिमीटर रुंद आहे, 110 पट म्हणजे तीन मीटर. गच्चीच्या कठड्यावर नाणं उभं चिकटवा, तीन मीटर मागे या, एक डोळा मिटा, हात पूर्ण लांब करून करंगळी समोर धरा. नाणं करंगळीमागे आरामात गायब होतं, दोन्ही बाजूला जागा उरते. मग तीच करंगळी चंद्रावर धरा, चंद्रही तसाच गायब. आता तेच नाणं कुणाच्यातरी हातात देऊन त्याला गल्लीतून लांब लांब जायला सांगा, 2003 चा मंगळ किती मोठा दिसत होता ते बघायला त्याला 220 मीटर जावं लागेल. तिथून नाणं दिसलं तर मला सांगा.

डोळ्याचीही एक लिमिट असते. चंद्राच्या तिसाव्या हिश्श्यापेक्षा लहान काही असेल तर साधारण माणसाला त्याचा आकार कळत नाही, नुसता ठिपका दिसतो. शुक्र सगळ्यात जवळ येतो तेव्हा जेमतेम त्या लिमिटवर येतो आणि तेव्हा तो कोरीसारखा बारीक असतो, बाकी गुरू, शनी, मंगळ सगळे कायम ठिपकेच. शुक्र मोठा वाटतो तो मोठा असल्यामुळे नाही, झगझगीत असल्यामुळे. मोबाईलवर तीस पट झूम करून जो पांढरा गोळा येतो आणि लोक "गुरू टिपला" म्हणून स्टेटसला ठेवतात, तो बहुतेक वेळा फोकस हललेला आणि उजेड जास्त झालेला डाग असतो. ओळखायचं कसं, तर त्याच झूमवर चंद्राचा फोटो काढायचा. गोळा चंद्राच्या निम्मा वगैरे येत असेल तर तो ग्रहाचा आकार नाहीच.

तरी ठिपक्यात फरक असतो बरं का. तारे लुकलुकतात, ग्रह वर आलेला असेल तर शांत उजेड देतो, कारण त्याला थोडा का होईना आकार आहे. एवढं बघायला शहराबाहेर हिप्परग्याला किंवा नान्नजच्या माळावर जायची गरज नाही, शहरातल्या सात रस्ता चौकाच्या लाइटातही शुक्र आणि गुरू दिसतात.

चंद्राबद्दलही तसलंच एक आहे. सिद्धेश्वर तलावाच्या कडेला उभं राहून उगवता चंद्र बघितला की तो कडक भाकरीएवढा वाटतो आणि सहा तासांनी डोक्यावर आला की आक्रसलेला. करंगळी लावून बघा, दोन्ही वेळा सेम. खरं तर उगवताना तो किंचित लहानच असतो, डोक्यावर येतो तेव्हा आपण पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याच्या काही हजार किलोमीटर जवळ असतो. सुपरमून म्हणून जे गाजतं ते सगळ्यात लहान दिसणाऱ्या पौर्णिमेपेक्षा 14 टक्के मोठं, शेजारी ठेवायला दुसरा चंद्र नसतो म्हणून नुसत्या डोळ्यांना ते कळणं अवघडच.

दुर्बीण असेल तर गुरूपासून सुरुवात करा. 40 पट मोठं केलं की गुरू साधारण चंद्राएवढा होतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो त्या चंद्राएवढा, पण पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो "एवढाच?" कारण आजूबाजूला काळं मैदान लै मोठं दिसतं. त्याच्या शेजारचे चार चंद्र मात्र साध्या बायनॉक्युलरमध्येही दिसतात, हात कठड्यावर टेकवून धरले तर. खोक्यावर 600 पट लिहिलेली खेळण्यातली दुर्बीण घेऊ नका, पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून दुप्पट करा, तेवढ्या पटीपर्यंतच नीट दिसतं, त्याच्या वर सगळं धुकं. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो, त्यावरची गरम हवा ग्रहाला नुसती नाचवते, त्यामुळे गच्चीवर आधी पाणी मारा किंवा सरळ मध्यरात्रीनंतर बघा.

आता खरी संधी. 19 फेब्रुवारी 2027 ला, म्हणजे शिवजयंतीलाच, मंगळ आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतोय, असं दर 26 महिन्यांनी होतं. अंतर साधारण 10 कोटी किलोमीटर, म्हणजे 2003 च्या मानानं लांबच. पण 20 तारखेच्या रात्री जवळपास पूर्ण गोल झालेला चंद्र, मंगळ आणि गुरू तिघंही सिंह राशीच्या बाजूला असणार. मिरवणुकीचा डीजे बंद झाला असेल, पूर्वेकडं तोंड करून बसा, चंद्राजवळचा तांबूस ठिपका मंगळ, जास्त पांढरा आणि तेजस्वी तो गुरू. चंद्र मोजायला करंगळी, मंगळाला काही मोजायला लागत नाही. दुर्बिणीत त्याला चंद्राएवढा करायचा असेल तर या वेळी 75 पट पुरणार नाही, 135 लागेल, म्हणजे किमान 70 मिलिमीटरचं भिंग. ग्रुपवर मेसेज आलाच तर त्याच रात्री सगळ्यांना गच्चीवर बोलवा.