प्रोटोटाइप मस्टँग खरी की खोटी?

फोर्डची जुनी मस्टँग कार प्रोटोटाइप, म्हणजे प्रयोगासाठी बनवलेली नमुना गाडी, आहे का हे तपासायचं तर सुरुवात चासी नंबरापासून करा. 1967 च्या मस्टँगमध्ये 7 म्हणजे वर्ष, R म्हणजे सॅन होजे कारखाना, 01 म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची), 02 फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारी). दारावरच्या पट्टीवर विसंबू नका. रिव्हेट काढून ती सहज बदलता येते. पुढचा डावा मडगार्ड उतरवा आणि खालच्या पत्र्यावरचा ठोकलेला नंबर बघा. तिथे ग्राइंडर अजिबात नको! पेंट रिमूव्हर, मऊ ब्रश, मग टॉर्च आडवा धरून फोटो. गंजलेली भोकंही बुजवू नका, प्रयोगाचा पुरावा बहुधा तिथेच असतो. मस्टँगमध्ये बदल करून विकणाऱ्या शेल्बी कंपनीची प्रोटोटाइप ‘लिटल रेड’ 2018 मध्ये टेक्सासात सापडली, कारण शोध शेल्बीच्या नव्हे, फोर्डच्या चासी नंबराने घेतला.