मेंटर शोधताय? आधी वॉर्डात जा

पल्स ऑक्सिमीटरचा मी बनवलेला पहिला प्रोब, म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, लॅबमध्ये चोख चालायचा. डिसेंबरात, नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत रुग्णालयाच्या वॉर्डात नेला तर आकडाच येईना. सिस्टरनी आजींची बोटं चोळून गरम केली. "आता लावा. गार बोटात रक्त कुठं फिरतंय?" माझ्या पहिल्या मेंटर त्याच.

तेव्हा एकच गुरू धरून बसू नका. वॉर्डातलं कुणी, एक इंजिनिअर आणि नियमांतला जाणकार, असे तिघं गाठा. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथून ओळखी काढा. "मार्गदर्शन करा" असं मोघम लिहू नका. एक प्रश्न, वीस मिनिटं. चहा तुम्ही पाजा. काय ठरलं ते त्याच रात्री चार ओळींत पाठवा.

रुग्णांवर चाचणी असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. माझे सहा महिने इथंच गेले. कुणी सांगितलंच नव्हतं.

शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, हे सुरुवातीलाच विचारा. जीभ अडखळते, तरी विचारा.

बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या 'बिग' योजनेत 50 लाखांपर्यंत निधी मिळतो. अर्ज मात्र ज्याला हा निधी मिळालाय त्याच्याकडून वाचून घ्या, गाइडकडून नव्हे.