मशीन नसलेल्या घरात कापडी डायपर: बेळगावच्या पावसाळ्यातसुद्धा

मशीन नसलेल्या घरात कापडी डायपर धुणं सोपं असतं. अवघड असतं ते वाळवणं. बहुतेक सल्ले देणाऱ्यांच्या घरी मशीन कपडे घट्ट पिळूनच बाहेर काढतं, त्यामुळे त्यांच्या लेखात वाळवण्यावर एक ओळ असते. आपल्याकडे जून उजाडला की बेळगाव शहरात भिंती घाम गाळायला लागतात. खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर दिवस-दिवस ऊन पडत नाही. तिथे त्या एका ओळीने भागत नाही. म्हणून डायपर विकत घ्यायच्या आधीच तो वाळेल का, एवढं बघा.

चार-पाच पदर शिवून एकत्र केलेले जाड पॅड आणि कव्हरलाच पॅड शिवलेले 'ऑल इन वन' डायपर घेऊ नका. दिसायला सुरेख असतात, पण जुलैत दोन दिवसांनीही आतला पदर ओलाच राहतो. साधं, एकपदरी, साधारण 70 सेंमीचं चौकोनी सुती कापड घ्या. घडी घालून बांधलं की तेच सहा-आठ पदरी होतं आणि उघडून वाळत घातलं की पुन्हा एकपदरी. आपल्या आज्यांची बाळुती अशीच होती. त्यावर पाणी न झिरपणारं पीयूएलचं, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर चढवलेल्या कापडाचं, कव्हर चढवलं की अंथरूण ओलं होत नाही. उन्हाळ्यात 24 कापडं पुरतात, पावसाळ्यात 36 ठेवा. कव्हर 5-6 बास.

कापड म्हणून जुन्या धोतरासारखं काही नाही. आजीचं विरलेलं सुती नऊवारीही चालतं, फक्त रेशमी काठ कापून टाका. मांजरपाट कडक असतो आणि वाळायला वेळ घेतो, तो दुपट्यांसाठी ठेवा. खडेबाजारातून नवी मलमल आणलीत तर आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन खळ काढा. कोऱ्या कापडावरून शू ओघळून जाते आणि मग लोक म्हणतात कापडी डायपर गळतात. रात्रीसाठी आत पातळ पंच्याची एक जास्तीची घडी ठेवा.

शू झालेलं कापड लगेच गार पाण्यात एकदा खळबळून पिळून बादलीत टाका. शी असेल तर आधी संडासात झटकून गार पाण्याच्या धारेखाली धुवा. गरम पाणी आधी लावलं तर डाग पक्का बसतो. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यातच विरघळते. सहाव्या महिन्यानंतर पेज, वरण सुरू झालं की झटकण्याला पर्याय नाही. बादलीत पाणी भरून कापडं दिवसभर भिजत ठेवू नका. लघवीतला युरिया जंतू फोडतात, त्याचा अमोनिया होतो, आणि तो नाकात भिनणारा वास कापड सोडत नाही.

धुणं रोज, एकदाच. आधी साधं पाणी, मग सोसवेल इतक्या कडकडीत पाण्यात धुण्याची पावडर घालून कापडं अर्धा तास ठेवा आणि हाताने चोळा. दगडावर बडवायची गरज नाही, मलमल फाटते. अथणी, रायबागकडे किंवा कुठेही बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची वडी वापरू नका. जड पाण्यात वडीचा साबण फुटतो आणि त्याची राखाडी साय धाग्यात अडकून बसते. मग कापड शोषत नाही. अशा ठिकाणी पावडरच घ्या आणि बादलीला चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा घाला. शेवटचं खळबळलेलं पाणी बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत खळबळत राहा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य, नीळ, ब्लीच, जंतुनाशकाची बाटली, यांतलं काहीही नको. बाळाने नुकतीच शू केलेल्या कापडाला तिखट वास आला आणि डोळे चुरचुरले, तर समजा की जुनी लघवी धाग्यात राहिली आहे. सुती कापडं हंड्यात दहा मिनिटं उकळून काढा. कव्हर मात्र उकळायचं नाही, पिळायचं नाही, इस्त्री करायची नाही. ते कोमट पाण्यात धुऊन सावलीत टांगा, दोन तासांत वाळतं.

आता वाळवणं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मला याच टप्प्याने रडवलं होतं, म्हणून इथे घाई करू नका.

कापड किती वेळात वाळणार हे वलणीवर ठरत नाही, पिळतानाच ठरतं. दोन हातांत धरून पिळलेल्या कापडात बरंच पाणी राहतं. त्याऐवजी कापडाची लांब पट्टी करा, ती खिडकीच्या गजामागून किंवा न्हाणीतल्या पक्क्या खुंटीला अडकवून घ्या, दोन्ही टोकं एका हाती धरा आणि पीळ भरत जा. पीळ आपोआप गाठीसारखा गोळा होऊ लागला की अजून दोन वेढे द्या. नळाला अडकवून हे करू नका, नळ सैल होतो. मग कोरडा टर्किश टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर तीन-चार पिळलेली कापडं सपाट मांडा, वळकटी करा आणि तिच्यावर उभं राहून पावलांनी दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. टॉवेल जड होतो तेवढं पाणी तुमच्या वलणीवरून कमी झालं. पावसाळ्यात ही पायरी कधीच गाळायची नाही. बाळंतिणीने हे पिळायचं काम स्वतः करू नये, विशेषतः टाके असतील तर. घरातल्या पुरुषमाणसाकडे द्या. त्यांच्या मनगटात जोर असतो आणि बाळ त्यांचंही आहे.

पिळलेलं कापड तसंच टांगू नका. दोन कोपरे धरून जोरात तीन-चार वेळा झटका. चिकटलेले धागे मोकळे होतात आणि कापड लवकरही वाळतं, कडकही होत नाही. दोरीवर मध्यावर दुमडून टाकलं तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि दोरीखालचा पट्टा संध्याकाळपर्यंत ओला राहतो. दोन कोपऱ्यांना चिमटे लावून एकपदरी टांगा. दोन कापडांमध्ये चार बोटं हवा जाऊ द्या. जागा पुरत नसेल तर कापडं दाटीने कोंबण्यापेक्षा निम्मी टांगा आणि निम्मी दोन तासांनी.

खोली कोणती, हेही महत्त्वाचं. दारं-खिडक्या लावून पंखा फिरवला तर तीच दमट हवा खोलीत फिरत राहते. पंखा बाजूने लावा आणि समोरची खिडकी बोटभर का होईना, उघडी ठेवा. कौलारू घर असेल तर माळ्यावर आडवा बांबू बांधा. खालची ऊब वर जाते आणि कौलांच्या फटींतून ओल बाहेर पडते. त्याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. स्वयंपाकघरात टांगू नका. फोडणीची तेलकट वाफ कापडावर बसते, मग ते पाणी कमी शोषतं. उघडीप मिळाली, अगदी अर्ध्या तासाची असली तरी, कापडं बाहेर काढा. शीचे पिवळे डाग ओल्या कापडावर ऊन पडलं की फिके पडत जातात.

कुणीतरी मोठं माणूस सांगेलच की टोपलीखाली शेगडी ठेव, ओवा-उदाची धुरी दे, बाळुती वाळतात आणि छान वासही येतो. ऐकू नका. तान्ह्या बाळाला धूर बाधतो आणि टोपलीवरचं कापड पेटायला एक ठिणगी पुरते. अंघोळीनंतर जाळ पूर्ण विझवून बंब ओढून घेतलात, तर त्याच्या उरलेल्या उबेजवळ वलणी बांधायला हरकत नाही, पण हातभर लांब आणि माणूस जवळ असतानाच.

वाळलं की नाही हे हाताने ठरवू नका. दिवसभर पाण्यात असलेल्या हाताला ओलं कळत नाही. कापडाची शिवलेली कड गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे. थंडीच्या दिवसांत मात्र कोरडं कापडही गार लागतं, म्हणून कडेवर गरम इस्त्री फिरवून बघा: वाफ निघाली की उत्तर मिळालं. पावसाळ्यात सगळ्या सुती कापडांना रोज इस्त्री करा. वीज गेली तर त्या दिवसापुरते बाजारचे डायपर वापरा, अर्धवट ओलं कापड बाळाला बांधू नका. दमट कापडात बुरशी वाढते आणि मांड्यांच्या सांध्यात लालभडक चट्टा उठतो, कडेने बारीक पुरळ येतात. असा चट्टा दोन-तीन दिवसांत ओसरला नाही तर घरगुती लेप लावत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत बाळाला दिवसातून थोडा वेळ कव्हर न घालता मोकळं ठेवा. ओल झाकायला पावडर फवारायची नाही, ती श्वासातून बाळाच्या छातीत जाते.

वाळलेली कापडं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. कपाटात किंवा ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर तिथे बाळाचं काहीही ठेवू नका, दुपटं नाही, कुंचीही नाही. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं, आणि काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाचं एंझाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पहिल्या बाळाची कापडं दुसऱ्यासाठी गोळ्या घालून जपून ठेवली असतील, तर ती सगळी दोनदा धुऊन, उघड्यावर टांगून वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. वास जात नसेल तर त्यांची पायपुसणी करा.