खानदेशात गाण्या-पेटीचा क्लास काढताना: विद्यार्थी टिकतो कसा

संगीत विशारदची परीक्षा झाली, हातात पेटी आहे, गळा तयार आहे, आता घरी क्लास सुरू करावा असं वाटणारे जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, चोपडा, शिरपूर इथे पुष्कळ आहेत. जूनमध्ये दाराशी पाटी लागते, पंधरा-वीस मुलं येतात आणि दिवाळीनंतर सहा उरतात. पुढच्या जूनला पुन्हा तेच. या धंद्यात नव्या प्रवेशांवर कोणाचंच घर चाललेलं नाही. घर चालतं ते चार-पाच वर्षं टिकणाऱ्या मुलांवर. म्हणून इथलं सगळं त्या एकाच बाजूने लिहिलं आहे.

आधी पैशांचा हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घालून पाहा. सहा मुलांची एक बॅच, आठवड्याला दोन तास, म्हणजे महिन्याला आठ तास. फी माणशी 600 रुपये. एका बॅचचे 3600 होतात, म्हणजे तासाला 450. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण कोणी ‘आमच्या मुलीला एकटीला शिकवा, तासाचे 300 देतो’ म्हणालं तर तो तोट्याचा सौदा आहे हे तिथल्या तिथे कळतं. अशा चार बॅच म्हणजे 24 मुलं, महिन्याचे 14,400. पण वर्ष बारा महिन्यांचं धरू नका. मे महिना आणि दिवाळी-परीक्षांचे खाडे मिळून दोन महिने जातात, त्यामुळे दहा महिन्यांचे 1,44,000 धरा. खोलीचं भाडं 4000 असेल तर ते मात्र बाराही महिने जातं, म्हणजे 48,000. वाद्यदुरुस्तीला 6000. हातात उरतात 90,000, महिन्याला साडेसात हजार. एवढ्यावर नोकरी सोडायची नाही. तीच मुलं 40 झाली आणि फी 700 झाली की दहा महिन्यांचे 2,80,000 होतात, खर्च तोच धरला तर 2,26,000 उरतात. 24 वरून 40 वर जायला साधारण तीन वर्षं लागतील असं धरून चाला, आणि तेही जुनी मुलं गळली नाहीत तरच. तोवर शाळेतलं आठवड्यातून दोन दिवसांचं काम, गॅदरिंगची समूहगीतं, भजनी मंडळाला पेटीची साथ हे हाताशी असू द्या.

फी आगाऊ, महिन्याच्या 5 तारखेपर्यंत. मूल आलं नाही तर तास बुडाला, तुम्ही आला नाहीत तर तास भरून द्यायचा. हे पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्या. नंतर तोंडी सांगितलं की नात्यात कटुता येते. शेतकरी घरांत एक गोष्ट समजून घ्या. पैसा महिन्याने येत नाही, कापसाची वेचणी झाली, माल विकला की येतो. अशा घराला जून ते सप्टेंबरची फी दिवाळीनंतर एकरकमी द्यायची मुभा द्या, पण ती वहीत लिहून आणि पालकांची सही घेऊन. अशी मुलं फार क्वचित गळतात, कारण त्यांच्या घरी क्लास ठरवून लावलेला असतो.

जागा तळमजल्यावरची बघा. तबल्याचा ठोका फरशीतून खाली जातो आणि शेजाऱ्यांशी भांडण पहिल्याच महिन्यात होतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची फॅशन आहे, त्याने खोलीतला प्रतिध्वनी जरासा कमी होतो, आवाज बाहेर जायचा काही थांबत नाही. दाराखालची फट गोधडीच्या गुंडाळीने बंद करा, खिडकीला जाड पडदा लावा आणि तबल्याखाली सतरंजीची दुहेरी घडी घाला. याचा उपयोग जास्त होतो. आणि वेळ सांभाळा. रात्री 9 नंतर तबला नाही म्हणजे नाही.

वाद्यं घेताना घाई नको. शिकवायला दुहेरी सुरांची, साडेतीन सप्तकांची पेटी पुरते. दुकानात वाजवून खूश होऊ नका. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका आणि मनात आकडे मोजा. दहाच्या आत भाता बसला तर हवा गळते. पट्टी न दाबता एखादा सूर वाजत राहिला तर आतली झडप नीट बसत नाही. मग प्रत्येक पट्टी अगदी हलका भाता देऊन वाजवा, मंद हवेवर जो सूर उशिरा बोलतो तो पुढे त्रास देणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, लाकूड आकसतं आणि सांध्यांतून हवा जाते. जुलैत तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. अडकलेल्या पट्टीत तेल कधीही सोडू नका, धूळ चिकटून दोष कायमचा होतो. पट्ट्यांच्या फटीतून कोरडा मऊ ब्रश फिरवा, तरी अडकली तर कारागिराकडे न्या. भात्याच्या चामड्याला उंदीर आणि झुरळं लागतात, पेटीच्या खोक्यात डांबरगोळ्या ठेवा, पण पुडीत बांधून.

तबल्याचंही असंच. उन्हाळ्यात पुडी (तोंडावरचं चामडं) ताणते आणि दायाँ (उजव्या हाताचा तबला) आपोआप चढतो. तसाच वर ओढत ठेवला की एके दिवशी फुटतो. क्लास संपल्यावर गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) हलके वर ठोकून ताण उतरवायची सवय मुलांनाही लावा. पावसाळ्यात उलट, डग्गा (डाव्या हाताचा) सैल पडतो. पुरुषांच्या ‘काळी एक’ पट्टीसाठी (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर ‘सा’ धरून) साधारण साडेपाच इंची तोंडाचा दायाँ चालतो, मुलींच्या काळी चार-पाचसाठी त्याहून मोठ्या तोंडाचा लागतो. एकच दायाँ दोन्हीकडे ओढू गेलात तर तो कुठेच बोलणार नाही.

आता शिकवण्याकडे येऊ, कारण मूल टिकतं ते इथे. पहिल्या तासाला नवा शिक्षक आपली पट्टी (ज्या सुराला ‘सा’ धरून गायचं तो) लावतो आणि मुलाला ‘सा लाव’ म्हणतो. मूल खालीच कुठेतरी लावतं. शिक्षक म्हणतो ‘वर, अजून वर’. मूल ताण देतं, मान वर करतं, आवाज चिरकतो. घरी जाऊन आईला सांगतं की मला गाणं येत नाही. हे टाळणं सोपं आहे. मुलाला त्याला येणारं काहीही म्हणू द्या, प्रार्थना, आरती, शाळेतली कविता. ते कोणत्या सुरावर सहज बोलतंय ते तुम्ही पेटीवर शोधा. मग तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने वर सरकत, खालचा प आणि वरचा सा दोन्ही आरामात निघतात ती जागा ठरवा. लहान मुला-मुलींची बहुधा काळी चार-पाचच्या आसपास येते, पण धरून चालू नका, प्रत्येकाची पट्टी वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. बॅचमध्ये शक्यतो सारख्या पट्टीची मुलं एकत्र बसवा. वयाने बॅच पाडण्यापेक्षा याचा फायदा मोठा आहे.

मुलगे सर्वांत जास्त गळतात ते बारा ते पंधरा या वयात. आवाज फुटतो. काल छान गाणारा मुलगा आज तार सप्तकात जाताच घोगरा होतो, मुली हसतात, तो येणं बंद करतो. पालकांना वाटतं अभ्यास वाढला म्हणून सुटलं. आवाज बदलतोय हे तुम्हाला त्याच्याआधी कळायला हवं. बोलताना आवाज मध्येच घसरू लागला की त्याला बाजूला घेऊन स्वच्छ सांगा की हे सगळ्यांना होतं, काही महिने चालतं, आणि नंतर पट्टी खाली काळी एक-दोनकडे येईल. त्या काळात तार सा मागू नका. मंद्र आणि मध्य सप्तकात, कमी आवाजात, दिवसाला पंधरा मिनिटं एवढंच गायला द्या. उरलेला वेळ त्याला पेटी द्या, ताल हातावर धरायला द्या, धाकट्यांच्या बॅचला ठेका लावायला बसवा. काम हातात असलं की मुलगा येत राहतो. याच वयात ज्यांना सांभाळलं ते पुढे मध्यमा-विशारदच्या परीक्षांपर्यंत जातात.

पंचेचाळीस मिनिटांचा तास असा भागतो: पाच मिनिटं तानपुऱ्यावर नुसता सा, दहा मिनिटं अलंकार (स्वरांचे पलटे), पंधरा मिनिटं राग आणि बंदिश, दहा मिनिटं मागचं, शेवटची पाच मिनिटं मुलांच्या आवडीचं काहीही. शेवटची पाच मिनिटं वाया गेली असं समजू नका, मूल घरी जाऊन तेच म्हणतं आणि घरच्यांना तेच ऐकू येतं. ‘मास्तर, पोऱ्याले पेटी कवय येई?’ (मुलाला पेटी कधी येईल?) हा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात येतो. त्याला उत्तर शब्दांत देण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी घरच्यांना बोलावून प्रत्येक मुलाकडून दोन मिनिटं गाऊन घ्या. भूपाची सरगम का असेना. मंच, माईक, हार काही नको, क्लासच्याच खोलीत.

उच्चाराची एक गोष्ट खास आपल्या भागाची. घरी अहिराणी किंवा लेवा बोली असलेल्या मुलांच्या तोंडी ‘ळ’ चा ‘य’ होतो. ‘सावळे’ चं ‘सावये’, ‘केळी’ ची ‘केयी’. नाट्यगीतात किंवा अभंगात ते स्पर्धेत गुण घालवतं. पण चारचौघांत हसून दुरुस्त केलंत तर मूल तोंडच उघडणार नाही. सूर बाजूला ठेवा. नुसते शब्द तालात म्हणून घ्या, जिभेचं टोक टाळूकडे मागे वळवून, सावकाश, दहा वेळा. मग एकाच सुरावर, मग चालीत. दोन-तीन आठवड्यांत बसतं. आणि त्याच मुलांकडून कानबाई या देवीची, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी त्यांच्या आजीच्या उच्चारात म्हणून घ्या. तिथे ‘य’ च बरोबर आहे, हे त्यांना शिक्षकाच्या तोंडून ऐकू द्या.

परीक्षांबद्दल पालक पहिल्यांदा विचारतात ते दहावीच्या वाढीव गुणांचं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद, अलंकार. वर्षात दोन सत्रं असतात. वाढीव गुण एका परीक्षेवर मिळत नाहीत, पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून नववीत आलेल्या मुलाला ‘होऊन जाईल’ असं आश्वासन देऊ नका. पाचवी-सहावीच्या पालकांना आत्ताच समजावा. त्या वर्षीचा नियम आणि प्रस्तावाची तारीख शाळेच्या कार्यालयातून लेखी बघून घ्या, प्रमाणपत्रं शाळेमार्फत वेळेत गेली नाहीत तर सगळी मेहनत वाया. आमचं मत स्पष्ट आहे: वर्षाला एकच परीक्षा. दोन्ही सत्रांना बसवलेली मुलं बंदिशी पाठ करतात आणि राग कानात बसत नाही, मध्यमेला पोचल्यावर आलाप मागितला की अडतात आणि तिथेच सोडतात. परीक्षेची फी क्लासच्या फीत मिसळू नका, वेगळी घ्या, वेगळी पावती द्या.

वर्षाचं वेळापत्रक गावच्या चालीने बांधा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या दिवशी कोणी येणार नाही, आधीच सुट्टी जाहीर करा. गणपतीत संध्याकाळच्या बॅच मोडतात, त्याऐवजी मंडळाच्या आरतीला मुलांना पेटी-तबल्यावर बसवा. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तास पूर्ण बंद, सकाळी साडेसहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी सातनंतर. उन्हाळी शिबिर पंधरा दिवसांचं ठेवा, महिन्याचं नको, आखाजीला घराघरांत पाहुणे असतात. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, मोठ्या मुलांना न्या. एका रात्री प्रत्यक्ष ऐकलेला ख्याल वर्षभर त्यांच्या बोलण्यात राहतो.

सुरत-पुण्याला गेलेली कुटुंबं गावच्या मास्तरांकडे मोबाइलवर शिकायला तयार असतात. दोघांनी एकाच वेळी गायचं नाही, आवाज उशिरा पोचतो आणि ताल जुळत नाही. तुम्ही एक ओळ म्हणा, थांबा, मग त्यांनी म्हणायचं. तानपुरा त्यांच्या बाजूला लावायचा, तुमच्या नाही. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला सांगा, नाहीतर ॲप लांबवलेला सूर गोंगाट समजून कापून टाकतं आणि तुम्हाला वाटतं मुलीचा श्वासच पुरत नाही.

प्रत्येक मुलाचं एक पान ठेवा: पट्टी, चालू राग, अडलेली जागा, फीची तारीख, खाडे. सलग दोन खाडे दिसले की त्याच संध्याकाळी घरी फोन करा, फीचा विषय न काढता, फक्त तब्येत विचारायला. तिसऱ्या खाड्यानंतर केलेल्या फोनला बहुतेक वेळा ‘आता दिवाळीनंतर बघू’ असंच उत्तर मिळतं.