चार इंटू आठ : इंग्लंडच्या शाळेतले माझे पहिले दिवस

इंग्लंडमध्ये शिकवायला निघाला असाल तर क्यूटीएस (तिथला शिक्षक म्हणून अधिकृत दर्जा), व्हिसा, पोलिसांचा दाखला, डीबीएस (तिथली गुन्हेगारी नोंदींची तपासणी) ही सगळी भानगड तुम्हाला पाठ असेल असं धरून चालते. फेब्रुवारी 2023 पासून भारतात शिकलेल्या शिक्षकांना गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांसाठी, 11 ते 16 वयोगटाकरता, इंग्लंडच्या क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येतो. त्या अर्जाला फी नाही. शिवाय नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला तिथल्या एजन्सींना 1973 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा ‘मॅडम, आमचं पॅकेज आहे’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. माझी एक मैत्रीण ठेवू शकली नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

आता मूळ मुद्दा. मी अकरा वर्षं गणित शिकवून गेले होते. भीती होती ती थंडीची, उच्चारांची आणि मुलांच्या वागण्याची. गणिताची भीती नव्हती. तिथेच आपटले.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास, इयर 8. म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलं, एकूण अठ्ठावीस. तिथे प्रत्येकाकडे पाटीसारखा छोटा व्हाइटबोर्ड असतो. तुम्ही प्रश्न विचारायचा, मुलांनी उत्तर लिहून बोर्ड वर धरायचा. तासाच्या सुरुवातीला पाच तोंडी गणितं घ्यावीत, तेवढीच तोंडओळख होईल, असं ठरवलं होतं. पहिलं गणित मुद्दाम सोपं दिलं : ‘फोर इंटू एट.’

बोर्ड वर आले. 2. 2. 2. मागच्या बाकावर 2. खिडकीपाशी 2.

क्षणभर मला काही सुचेना. बत्तीस यायला हवेत आणि अख्खा वर्ग दोन म्हणतोय. मग डोक्यात एकच आलं : ही ठरवून केलेली टिंगल आहे. नवीन बाई, परदेशी बाई, घ्या तिची परीक्षा. मी आवाज चढवला आणि म्हणाले, ‘थर्टी टू.’ पहिल्या रांगेतला एक मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, ‘मिस, फोर इंटू एट इज टू.’ मला ते उलट उत्तर वाटलं. शाळेच्या नियमाप्रमाणे मी त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. वॉर्निंग.

मग पुढचं गणित दिलं : ‘सिक्स बाय थ्री.’ मला दोन हवे होते. अर्ध्या बोर्डांवर 18 होते, काहींवर नुसतं प्रश्नचिन्ह. त्या पाच मिनिटांत माझा वर्ग माझ्या हातातून गेला. पुढचा पाऊण तास मी फक्त ‘शांत बसा’ म्हणत होते.

तासानंतर वर्गातल्या टीए, म्हणजे एका मुलाला मदत करायला बसणाऱ्या सहायक बाई, दारात थांबल्या. त्यांनी एक बोर्ड घेतला, 8 लिहिला, त्याच्या डोक्यावर आणि डाव्या बाजूला रेघ काढली, बाहेर 4 लिहिला. ‘हाऊ मेनी फोर्स गो इंटू एट?’ म्हणाल्या. त्या भागाकाराच्या मांडणीला तिथे ‘बस स्टॉप’ म्हणतात, कारण ती बसथांब्याच्या छपरासारखी दिसते. चार आठात किती वेळा जातात? दोन वेळा. मुलं बरोबर होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

हे जरा फोडून सांगते, कारण ‘एवढंच ना!’ म्हणून तुम्ही पुढे जाल आणि मग तुमचंही तेच व्हायचं. आपण इंग्रजीत ‘इंटू’ म्हणजे गुणिले म्हणत आलो. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही फाइव्ह इंटू थ्री म्हणजे पंधराच. तिथे गुणाकाराला ‘टाइम्स’ किंवा ‘मल्टिप्लाइड बाय’ म्हणतात आणि ‘इंटू’ कानावर पडलं की मूल भागाकार करतं. आपण ‘सिक्स बाय थ्री’ किंवा ‘सिक्स अपॉन थ्री’ म्हणतो तेव्हा मनात सहा छेद तीन असतं. त्यांना ‘सिक्स बाय थ्री’ म्हणजे सहा लांब, तीन रुंद असा आयत दिसतो. ‘अपॉन’ तर गणितात कुणी म्हणतच नाही, ‘ओव्हर’ म्हणतात. म्हणजे दोन शब्द, आणि दोन्ही नेमके उलट्या क्रियेवर जाऊन बसलेले! चुकीचा शब्द वापरला तर समोरचा विचारतो. बरोबर वाटणारा पण उलट अर्थाचा शब्द वापरला तर कुणीच विचारत नाही. तुम्हाला वाटतं मुलं चुकली, मुलांना वाटतं बाईंना येत नाही.

गंमत म्हणजे मी मराठी माध्यमाची. मनात ‘चार गुणिले आठ’ असंच येतं, आणि त्यात कसलाही घोळ नाही. घोळ झाला तो नोकरीत उचललेल्या इंग्रजीमुळे. मराठी माध्यमाचं ओझं घेऊन जाणाऱ्यांनी ते विमानतळावरच ठेवून जावं.

2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आणली आणि केवढा गदारोळ झाला, आठवतंय? मीही तेव्हा हसले होते. संख्या बोलायची कशी याने मुलाच्या डोक्यात काय फरक पडतो, असं मला वाटायचं. पडतो हो. अठ्ठावीस पांढऱ्या बोर्डांवर पाहिलाय मी.

त्या संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले : ‘मी म्हणते’ आणि ‘इथे म्हणतात’. ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत साडेतीन पानं भरली. काही नोंदी देते. स्लोप नाही, ग्रेडियंट. ‘स्टँडर्ड फॉर्म’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ए एक्स अधिक बी वाय अधिक सी बरोबर शून्य येतं; त्यांच्याकडे ते म्हणजे 3.2 गुणिले दहाचा चौथा घात अशी संख्या लिहायची रीत. सवयीने फळ्यावर 1,25,000 लिहिलं तर स्वल्पविराम चुकला म्हणून हात वर होतात, 125,000 लिहायचं. ‘एनी डाउट्स?’ विचारू नका, ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारा, डाउट म्हणजे त्यांना तुमच्यावर शंका घ्यायची परवानगी वाटते. आणि ओळख करून देताना ‘आय पास्ड आउट फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी’ मुळीच म्हणू नका. पास आउट होणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. माझ्यावर वर्ग दोन मिनिटं हसला, आणि तेव्हा कशावर हसताहेत हेही मला कळलं नव्हतं. रसायनशास्त्रवाल्यांनो, तिथल्या परीक्षांत सल्फर एफने लिहितात, पीएचने नाही. तुमची यादी वेगळी होईल, पण होणार नक्की.

म्हणून एवढं एक कराच : स्वतःचा पहिला तास घेण्याआधी आपल्याच विषयाचे निदान तीन तास मागे बसून ऐका. शिकवण्याची पद्धत, शिस्त, रंगीत पेनं यांकडे बघू नका. समीकरण मोठ्याने वाचताना शिक्षक नेमके कोणते शब्द वापरतात तेवढं लिहून घ्या. तयार स्लाइड्सबद्दल माझं मत वाईट आहे. त्यांनी तयारी केल्याचं समाधान मिळतं, तयारी होत नाही. पण विभागाच्या फोल्डरमधल्या स्लाइड्स भाषेसाठी जरूर वाचा.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. पुढच्या तासाला मी सगळ्यांसमोर म्हणाले की तुझं उत्तर बरोबर होतं, माझ्या देशात तो शब्द उलटा वापरतात, वॉर्निंग मी काढून टाकली आहे. घसा कोरडा पडला होता. आपल्याकडे शिक्षकाने वर्गासमोर चूक कबूल करण्याची पद्धत फारशी नाही, आणि मला खात्री होती की आता उरलीसुरली पतही जाणार. तो फक्त ‘ओके मिस’ म्हणाला. वर्ग माझ्या बाजूला आला, असं काही घडलं नाही. दोन मुली तर ऑक्टोबरच्या हाफ टर्मपर्यंत, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीपर्यंत, मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं की ‘इंटू!’ म्हणून ओरडायच्या. पण तासाला काम सुरू झालं.

वर्ग बिघडला असं वाटलं तर आधी आपलं शेवटचं वाक्य तपासा. मात्र याचा अर्थ मुलं गोड आहेत आणि सगळा दोष तुमचा, असा काढू नका. काही मुलं खरंच वाह्यात वागतात. तिथे शाळेचे वर्तनाचे नियम लिहिलेले असतात. पहिल्या दिवसापासून ते जसेच्या तसे लावा. ‘आज सोडते, उद्या बघते’ हा मोठेपणा मी दोन आठवडे केला आणि दोन महिने निस्तरला.

एका बाबतीत मात्र अजिबात गंमत नाही. एखादं मूल येऊन म्हणेल, ‘मिस, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?’ आपल्या तोंडून सहज ‘नाही सांगणार, बाळ’ निघून जातं. ते वचन द्यायचं नाही. मुलाच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल तर ती शाळेतल्या सेफगार्डिंगच्या प्रमुखांना त्याच दिवशी सांगावीच लागते, आणि हे मुलालाही आधीच सांगायचं. सरकारचं ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ हे पुस्तक रुजू होताना वाचायला देतात. सही करण्यापुरतं चाळू नका, पहिला भाग खरंच वाचा.

मेंटॉरबद्दल थोडं. मला नेमून दिलेले सर भले होते, पण त्यांच्याकडे आठवड्यात जेमतेम वीस मिनिटं असायची आणि त्यातली दहा फॉर्म भरण्यात जायची. माझ्या खऱ्या मेंटॉर त्या टीए बाई. त्या एकाच आठवड्यात कितीतरी शिक्षकांच्या वर्गात बसतात. कुणाचं काय चालतं आणि काय पडतं, हे त्यांच्याइतकं मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी चहा करत जा. आणि परदेशातल्या भारतीय शिक्षकांचे ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पहिला महिना बंद ठेवा. तिथे कुणाच्या अंगावर खुर्ची आली तेच रात्री अकरा वाजता वाचायला मिळतं. चांगला गेलेला तास कुणी टाकत नाही.

आपल्या काही सवयी तिथे सोनं आहेत, हेही लिहिलं पाहिजे. जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या, आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, गणिताचे तीन पेपर असतात, प्रत्येकी दीड तास, आणि एकाला कॅल्क्युलेटर नाही. उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण मिळतात. ‘पायऱ्या दाखवा’ म्हणून आपण जन्मभर ओरडलो, त्याचं तिथे थेट गुणांत रूपांतर होतं. माझ्या इयर 11 च्या मुलांना कॅल्क्युलेटरशिवाय दीडपट, अडीचपट करताना घाम फुटायचा. आजोबांनी माझ्याकडून पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) घोकून घेतली होती, तिचा उपयोग चाळीस वर्षांच्या वयात मँचेस्टरजवळच्या एका वर्गात होईल असं वाटलं नव्हतं. दिडकी शिकवली नाही, पण ‘अख्खं घे, त्यात अर्धं मिळव’ एवढं शिकवलं. पुरलं.

शेवटी हजेरी. प्रत्येक तासाला सुरुवातीलाच संगणकावर लावायची. विसरलात तर ऑफिसातून फोन येतो. नावं आदल्या रात्री कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण लिहिलेलं आणि बोललेलं यांचा संबंध असेलच असं नाही. एनआयएएमएच असं लिहिलेल्या मुलीला ‘नीव्ह’ म्हणायचं असतं. मी छापील यादी काढून प्रत्येक नावापुढे देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचे. एकदा ती यादी टेबलावर उघडी राहिली आणि एका मुलीने विचारलं, हे काय आहे? तुझं नाव, म्हटलं. तिने ते वहीच्या कव्हरवर उतरवून घेतलं, शिरोरेघ चुकवून. मग रांग लागली. त्या दिवशी अपूर्णांक राहिले, ते गुरुवारी घेतले.