वीस टक्के, पण कशाचे? प्रोजेक्टमधली परवडणारी घरं नकाशात शोधताना

नाशिकला आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बरीच वर्षं परवानगीची ड्रॉइंगं काढली. त्यामुळे ओळखीतले लोक हमखास विचारतात, "ताई, समोर एवढं मोठं काम चाललंय, त्यात ती वीस टक्केवाली घरं आहेत का हो?" सेल्स ऑफिसात याचं सरळ उत्तर मिळायचं नाही. ते मंजूर नकाशात असतं, आणि तो वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही.

नियम थोडक्यात असा: दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकेत ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प असेल, तर बेसिक एफएसआयच्या (जागेच्या क्षेत्रफळावर जादा पैसे न भरता मिळणाऱ्या बांधकामाच्या) २० टक्के बांधकाम अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखायचं. घरं ३० ते ५० चौ.मी.ची, वाटप म्हाडाच्या सोडतीतून. २०१३ पासून हे आहे, राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही ते आहे.

सुरुवात महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवरून करा. प्रोजेक्टचं नाव टाकलं की गट किंवा सर्व्हे नंबर, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी असं बरंच काही उघडतं. नंबर टिपून घ्या आणि सातबारा काढा.

इथे घाई करू नका. चाळीस गुंठे म्हणजे ४,०४७ चौ.मी., नियमात बसतं. एकोणचाळीस गुंठे म्हणजे ३,९४६, सुटलं! शेजारी शेजारी एकोणचाळीस, अडतीस गुंठ्यांचे पोटहिस्से दिसले आणि कंपाउंड मात्र एकच असलं, तर फेरफाराची, म्हणजे वाटणीच्या नोंदीची, तारीख बघा. वाटणी जुनी, घरगुती असेल तर प्रश्नच नाही. परवानगीच्या जरा आधी झालेली असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे. अशाच तुकड्यांवरून २०२२ मध्ये नाशिकचा विषय विधिमंडळात गाजला होता.

मग नकाशा मोठा करून क्षेत्रफळाचा तक्ता शोधा. बहुतेक वेळा तो उजव्या कडेला, डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरात असतो. रस्त्याखालचं, आरक्षणाखालचं क्षेत्र वरच्या ओळींत वजा होतं. शेवटाकडे सर्वसमावेशक घरांची, म्हणजे याच राखीव घरांची, ओळ येते: आवश्यक किती, प्रस्तावित किती. ओळ कोरी असेल तर का कोरी, हे विचारायचं.

आकडा भरलेला असला तरी हिशेब करून बघा. समजा निव्वळ जागा ६,००० चौ.मी. आणि बेसिक एफएसआय १.१. बांधकाम ६,६००, त्याचे वीस टक्के १,३२०. चाळीस चौ.मी.चं एक घर धरलं तर तेहेतीस घरं. पण प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) घेऊन तीच इमारत अडीच एफएसआयपर्यंत गेली, तर एकूण बांधकाम १५,००० होतं आणि राखीव वाटा नऊ टक्क्यांच्याही आत येतो. हे बेकायदा नाही, नियमच तसा आहे. पण जाहिरातीतल्या 'वीस टक्के'वर मान डोलावण्याआधी कशाचे वीस, हे माहीत हवं.

वाटा कशाचा मोजायचा, या प्रश्नाचा मोठा फटका मुंबईच्या गिरणगावाला बसला, तिथला नियम वेगळा असला तरी. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीवर आणली. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून बाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. मधल्या मुंबईत, लोअर परळसारख्या ठिकाणी, सामान्यांची घरं मोठ्या संख्येने व्हायची ती संधी तिथेच आटली. तिसरा हिस्सा कागदावर तिसराच राहिला.

शेवटचं काम पालिकेत. बाकीच्या इमारतींना भोगवटा (राहायला परवानगीचा दाखला, म्हणजेच ओसी) देण्याआधी राखीव घरांना भोगवटा मिळालेला असावा, अशी अट आहे. म्हणून तक्रार करायची तर ओसी निघण्याआधी. नंतर फाइल हलवणं फार अवघड जातं. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि मोघम "माहिती द्यावी" लिहू नका. तीनच गोष्टी मागा: मंजूर अभिन्यासाची (लेआउटच्या नकाशाची) प्रत, राखीव घरांबाबत म्हाडाशी झालेला पत्रव्यवहार, आणि राखीव व बाकीच्या, दोन्ही भागांच्या भोगवट्याच्या तारखा. ही घरं दुसऱ्या जागी बांधायची परवानगी दिली असेल, तर तिचा आदेशही मागा. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का नीट उमटलाय ना, ते खिडकीवरच बघून घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पहिलं अपील, आणि त्याला हीच पोच जोडायची असते.