केशवाहिनी समजून सोडलेल्या ग्लँड्स: पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंट्ससाठी

एमडी पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. साठीतल्या एका बाईंची काढलेली गर्भाशयाची पिशवी आली होती. एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, ग्रेड १. ट्यूमर स्नायूत जेमतेम शिरलेला दिसत होता. 'इन्व्हेजन निम्म्याहून कमी' असं लिहून मी वरिष्ठ मॅडमसोबत साइन-आउटला, म्हणजे अंतिम रिपोर्ट ठरवायला, बसले. मॅडमनी स्कॅनर (सर्वांत कमी पॉवरची) लेन्स लावली, ट्यूमर सोडून खाली खाली गेल्या आणि स्नायूच्या खोल भागात थांबल्या.

"हे फिकट, सुजल्यासारखं काय आहे गं?"

"इन्फ्लमेशन आहे मॅडम. आणि बाजूला केशवाहिन्या."

"चाळीसच्या लेन्सवर बघ."

चाळीसवर त्या केशवाहिन्या नव्हत्याच. चपट्या पेशींचं अस्तर असलेल्या, पोकळीत न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) साचलेल्या त्या ट्यूमरच्याच ग्लँड्स होत्या. खोली निम्म्याच्या पलीकडे गेली आणि स्टेज आयएची आयबी झाली.

या नमुन्याला 'मेल्फ' म्हणतात: मायक्रोसिस्टिक, इलाँगेटेड आणि फ्रॅगमेंटेड या तीन शब्दांची आद्याक्षरं. मरे, यंग आणि स्कली यांनी २००३ मध्ये त्याचं वर्णन केलं. बारीक पुटकुळ्यांसारख्या, लांबट किंवा तुटक ग्लँड्स, कधी तर एकट्यादुकट्या गुलाबी पेशी, आणि भोवती मऊ, फायब्रोमिक्सॉइड (तंतुमय, चिकट) स्ट्रोमा, म्हणजे ग्लँडभोवतीची आधार-ऊती. हा बहुतेक वेळा लो-ग्रेड ट्यूमरमध्ये, पुढे सरकणाऱ्या टोकाला सापडतो. मूळ ट्यूमरशी त्याचा संबंध स्लाइडवर दिसेलच असं नाही. म्हणून डोळा फसतो. आपण ग्लँड शोधत बसतो, शोधायचा असतो तो बदललेला स्ट्रोमा. कमी पॉवरवर स्नायूत कुठे फिकट, सूज आल्यासारखा पट्टा दिसला की तिथे थांबा. हे एक जमलं तरी निम्मं काम झालं. शंका असेल तर केराटिन (ट्यूमरच्या पेशी उठून दाखवणारा स्टेन) मागवा, त्यात लाज कसली!

मेल्फ दिसला की लिम्फ नोडच्या स्लाइड्स पुन्हा काढून बघायच्या, हे मी त्याच केसवर शिकले. या नमुन्यासोबत लिम्फ-रक्तवाहिन्यांत शिरकाव आणि नोडमधला प्रसार जास्त आढळतो. नोडमधल्या पेशी सुट्या सुट्या, सायनसमध्ये (नोडमधल्या पोकळ वाटांत) हिस्टिओसाइट या नेहमीच्या भक्षक पेशींसारख्या बसलेल्या असतात. एच अँड ई या नेहमीच्या स्टेनवर मला तो नोड स्वच्छ वाटला होता. एई१/एई३ केराटिनवर सायनसमध्ये चार-पाच तपकिरी पेशी उभ्या राहिल्या. ०.२ मिमीपर्यंतच्या अशा पुंजक्याला आयसोलेटेड ट्यूमर सेल्स म्हणतात. त्याने स्टेज वाढत नाही, पण नोंद करावीच लागते.

उलटी चूकही होते. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये, म्हणजे स्नायूत आधीच असलेल्या साध्या अस्तरात, पसरलेला कॅन्सर खोल दिसतो, पण ते इन्व्हेजन नसतं. भोवती एंडोमेट्रियल स्ट्रोमा आणि शेजारी साध्या ग्लँड्स दिसतात का बघा. इथे सीडी१० या एंडोमेट्रियल स्ट्रोमाच्या स्टेनवर विसंबू नका. खऱ्या इन्व्हेजनच्या ग्लँडभोवतीही ते पॉझिटिव्ह येतं. यात मी दोन वेळा अडकले आहे.

गर्भाशयमुखाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात प्रश्न वेगळा. तिथे खोली मोजायची कुठून, हेच ठरत नाही, कारण ग्लँड मुळातच स्ट्रोमात असतात. २०१३ मध्ये मांडलेली सिल्व्हा पद्धत मला इथे फार मोलाची वाटते. खोलीऐवजी ट्यूमर ऊतीला कसा फाडतो, हे ती बघते. ए म्हणजे गोलसर, आखीव ग्लँड, स्ट्रोमा शांत. बी म्हणजे अशा ग्लँडमधून सुटलेले छोटे पुंजके. सी म्हणजे सर्वत्र विध्वंस. मूळ ३५२ केसेसच्या अभ्यासात ए गटातल्या एकाही बाईच्या नोडमध्ये प्रसार नव्हता, सी गटात मात्र जवळपास चौथ्या हिश्श्यात होता. ज्या बाईचे नोड काढायचे की नाही हा प्रश्न आहे, तिच्यासाठी हा फरक केवढा मोठा! मात्र दोन अटी: ट्यूमर एचपीव्ही या विषाणूशी निगडित हवा आणि पूर्ण ट्यूमर ब्लॉकमध्ये घेतलेला हवा. तुटक बायोप्सीवर 'ए' लिहू नका. जठराच्या अस्तरासारख्या दिसणाऱ्या गॅस्ट्रिक प्रकाराला तर ही पद्धत लावूच नये. त्याच्या ग्लँड इतक्या साळसूद दिसतात की बेनाइन म्हणून सोडाव्यात, आणि तोच ट्यूमर सर्वांत वाईट वागतो.

हे सगळं ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापून त्याचे तुकडे (ब्लॉक) निवडण्याच्या, टेबलावर सुरू होतं. पिशवी फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरू द्या, भिंतीचे पातळ काप करा आणि सर्वांत खोल वाटणाऱ्या जागेचा ब्लॉक सिरोसापर्यंत (बाहेरच्या आवरणापर्यंत) पूर्ण जाडीचा घ्या. कॉर्नू, म्हणजे गर्भनलिका जिथे जुळते तो कोपरा, विसरू नका. तिथली भिंत पातळ असते, त्यामुळे खोलीचा अंदाज चुकतो. फिकट, भुसभुशीत भाग नुसत्या डोळ्यांना दिसला तर त्याचा वेगळा ब्लॉक घ्या आणि कोणता नंबर कुठला, हे तिथल्या तिथे लिहा. माझ्या त्या केसमध्ये मेल्फ एकाच ब्लॉकमध्ये होता. तो ब्लॉक घेताना मी केवळ जागा उरली म्हणून घेतला होता.